बडोद्याहून दांडीच्या समुद्रावर: निघण्याआधी तिथी पाहा

नोव्हेंबर लागला की आमच्या ओळखीतल्या, बडोद्यात नव्याने आलेल्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो. कुणी बदलीवर आलेलं असतं, कुणाची मुलगी विद्यापीठात शिकायला आलेली असते, कुणाचे आईवडील सोलापूर-लातूरकडून पहिल्यांदाच इकडे आलेले असतात. "इथून समुद्र जवळ आहे म्हणतात, एका दिवसात जाऊन येता येईल का?" येतं. मी गेली काही वर्षं दर हिवाळ्यात एकदा तरी दांडीला जाते, आणि नवख्यांना नेहमी दांडीच सांगते.

पण आमची पहिली फेरी वाईट झाली होती. दिवाळीत सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी मिळाली, म्हणून तो दिवस ठरला. दुपारी एकच्या सुमारास किनाऱ्यावर पोचलो, तर समुद्र जागेवर नव्हता. समोर वाळू, वाळूच्या पलीकडे ओला करडा पट्टा आणि पार क्षितिजाशी पाण्याची बारीक रेघ. सासूबाईंनी पहिल्यांदाच समुद्र पाहायचा म्हणून नवी साडी नेसली होती. त्या गाडीतच बसून राहिल्या. माझा नऊ वर्षांचा भाचा पाणी गाठायला धावत सुटला. पोटऱ्यांपर्यंत चिखलात रुतला, आणि त्याला काढायला गेलेला त्याचा बापही रुतला. दोघं कसेबसे मोकळे होतात तोवर मागून एक कोळीदादा ओरडत आले, "पाछा वळो, पाणी आवे छे!" त्या दिवशी मला कळलं की या किनाऱ्याचा दिवस आपण ठरवत नाही, भरती ठरवते. हा लेख त्यासाठीच.

१. आधी ठरवा: कुठला समुद्र

बडोद्याला सर्वात जवळचा समुद्र म्हणजे जंबुसर तालुक्यातलं कावी-कंबोई. तिथे स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा दिसू लागतं. दर्शनाला अवश्य जा. पण तो चिखलाचा किनारा आहे. मुलांना वाळूत खेळवायचं, पाण्यात पाय बुडवायचे, हे मनात धरून गेलात तर निराश व्हाल.

कारण समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल. साबरमती, मही, नर्मदा आणि तापी या चारही नद्या आपला गाळ खंभातच्या आखातात आणून टाकतात. आपली विश्वामित्रीसुद्धा ढाढरला मिळून तिथेच जाते. आखात वर निमुळतं होत गेलेलं असल्याने भरतीचं पाणी तिथे दाटतं आणि फार उंच चढतं. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी साधारण पाच मीटर चढतं, तर भावनगरकडे तेच दहा मीटरच्या आसपास जातं. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं, तेव्हा गाळ खाली बसायला उसंतच मिळत नाही. म्हणून इथलं पाणी मातकट असतं. ती घाण नव्हे, नद्यांची माती आहे.

आखाताच्या तोंडाकडे, म्हणजे सुरतच्या खाली उतराल तशी वाळू वाढत जाते. सुरतचं डुमस गर्दीचं आहे. वलसाडचं तिथल काळ्या वाळूचं, तिथे देवळं आहेत आणि रविवारी जत्रेसारखी माणसं असतात. या दोघांच्या मधे नवसारी जिल्ह्यात दांडी आहे. वाळू करडी पण पायाला बारीक लागणारी, किनारा लांबलचक, आणि आठवड्यातल्या कामाच्या दिवशी इतका शांत की बोलताना आपोआप आवाज खाली येतो. गोवा किंवा तारकर्लीचं निळं पाणी डोळ्यांसमोर असेल तर ते इथे नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

२. दिवस ठरवा: सुट्टीवरून नव्हे, तिथीवरून

हा टप्पा सावकाश वाचा.

भरती दिवसातून दोनदा येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साडेबारा तासांना थोडं कमी अंतर असतं, म्हणून रोज तिची वेळ पाऊण तासाहून जराशी जास्त पुढे सरकते. आपल्याकडे कोकणातली माणसं याचा हिशोब तिथीवरून करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, एकदा दुपारी आणि एकदा पहाटे. अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच, प्रत्येक पक्षात प्रतिपदेपासून मोजायचं. भिंतीवरचं कालनिर्णय एवढ्याला पुरतं.

मात्र हे गणित मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला बसलेलं आहे. किनाऱ्याने उत्तरेला जाल तशी भरती उशिरा पोचते, त्यामुळे दांडीला ती मुंबईच्या बरीच मागून येते. तिथीवरून फक्त दिवस निवडा. तासाची वेळ मात्र आदल्या रात्री मोबाइलवर भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा. त्यात दांडी किंवा नवसारी किनारा शोधा. मुंबईचा तक्ता पाहून निघू नका, ही चूक पुष्कळ जण करतात.

आता कोणता दिवस घ्यायचा? मला विचाराल तर तृतीया, चतुर्थी, पंचमी. या दिवशी पाणी दुपारनंतर चढत येतं आणि संध्याकाळकडे पूर्ण भरतं. म्हणजे सकाळी बडोद्याहून निघावं, दुपारी दांडीचं मीठ सत्याग्रह स्मारक पाहावं, चारच्या पुढे किनाऱ्यावर जावं, आणि पाणी स्वतः तुमच्याकडे येतं. भरलेलं पाणी वाळूच्या पट्ट्यावर असतं, पाय चिखलात जात नाहीत आणि सूर्यास्तही पाण्यावरच दिसतो. अष्टमीपासून एकादशीपर्यंतचे दिवस टाळा. तेव्हा दुपारी ओहोटी असते आणि आमचं झालं तेच तुमचं होईल.

भरतीची वेळ कळली, आता जोरही पाहा. अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण असतं, आणि त्याचा खरा जोर त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. लहान मुलं किंवा पोहता न येणारी मोठी माणसं सोबत असतील तर प्रतिपदा-द्वितीयेपेक्षा चतुर्थी-पंचमी बरी. जोर थोडा उतरलेला असतो, वेळही सोयीची मिळते.

चतुर्थी रविवारी आली तर? मी तरी एक दिवस रजा काढून मंगळवारी-बुधवारी येणारी तिथी शोधते. रविवारी दांडीला सुरत-नवसारीकडची बरीच माणसं येतात, उंट-घोडे येतात, खाण्याच्या गाड्या लागतात. वाईट काही नाही, पण तुम्ही शांत किनारा पाहायला निघाला असाल तर तो रविवारी मिळणार नाही.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून दुपारचं ऊन सोसवत नाही आणि किनाऱ्यावर सावली फारशी नाही. जून ते सप्टेंबर पाण्याच्या जवळ जाऊच नका, तेव्हा समुद्र खवळलेला असतो.

३. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं थोडीच लागतात, पण विसरली तर खोळंबा होतो:

- प्रत्येक मोठ्या माणसाचं फोटो असलेलं मूळ ओळखपत्र. आरक्षित तिकिटासाठी ते लागतंच, आणि रात्री नवसारीत राहायची वेळ आली तर लॉजवाले सगळ्यांचं मागतात.
- स्वतःची गाडी असेल तर लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी, आणि फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे.
- दोन-तीनशे रुपये सुटे. किनाऱ्यावर नेटवर्क गेलं की मोबाइलचे पैसे चालत नाहीत.

सामानात सर्वात महत्त्वाचं म्हणजे पाणी. प्यायचं वेगळं, आणि पाय धुवायला पाच लिटरचा एक कॅन वेगळा. खारं पाणी आणि वाळू पायावर सुकली की परतीच्या तीन तासांत लहान मुलं रडकुंडीला येतात. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. साधी चप्पल ओल्या गाळात राहते आणि पाय तेवढा वर येतो. दोन पंचे, मुलांचे कपड्यांचे दोन जोड, टोपी, आणि ओले कपडे भरायला जाड पिशवी. टॉर्च विसरू नका, सूर्यास्तानंतर किनाऱ्यावरून वर येताना लागतो.

खाणं घरून न्या. आमच्याकडे ठरलेलं आहे: दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि गाडीत मधे तोंडात टाकायला बडोद्याचा लीलो चिवडो. ताटल्या मात्र स्टीलच्या न्या. थर्माकोलच्या ताटल्या तिथे वाऱ्याने उडून पाण्यात जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि फार वाईट वाटलंय.

एक गोष्ट मुद्दाम. गुजरातेत दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय दारू जवळ बाळगणं गुन्हा आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे सोबत असतील तर त्यांना घरातून निघण्याआधीच स्पष्ट सांगा. दमण इथून फार लांब नाही म्हणून कुणाला परतीत तिकडे वळावंसं वाटलं, तरी तिथून बाटली घेऊन सरहद्द ओलांडू देऊ नका. रस्त्यावर तपासणी होते.

४. नवसारीपर्यंत

मी रेल्वेच सुचवेन. बडोद्याहून नवसारी साधारण १६० किलोमीटर, एक्सप्रेसने दोन-अडीच तास. मुंबईकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या मिळतात, पण खूपशा वेगवान गाड्या सुरतेनंतर नवसारीला थांबत नाहीत. तिकीट काढताना "सुरतला उतरू आणि पुढचं बघू" असं करू नका. सुरत स्टेशनवर मुलं आणि सामान घेऊन दुसरी गाडी पकडणं, ही दिवसाची ताकद तिथेच संपवणारी गोष्ट आहे. गाडीच्या थांब्यांच्या यादीत नवसारी हे नाव दिसलं तरच तिकीट काढा. परतीचं तिकीट त्याच वेळी काढा, आणि ते सूर्यास्तानंतर निदान दोन तासांनी सुटणाऱ्या गाडीचं असू द्या. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो.

गाडीने गेलात तर राष्ट्रीय महामार्ग ४८, भरूच-अंकलेश्वरवरून. भरूचला नर्मदेच्या पुलाशी पूर्वी तासन् तास अडकायला होई. २०१७ मध्ये नवा पूल झाल्यापासून बरं आहे. बडोदा-भरूच हा द्रुतगती मार्गाचा टप्पाही २०२४ पासून सुरू झाला आहे, पण त्यावर दुचाकी चालत नाही. मोटरसायकलने निघालेल्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावं. महामार्ग सोडायचा तो नवसारीच्या ग्रीड चौकाशी. सकाळी साडेसातच्या आत बडोदं सोडलंत तर साडेदहा-अकराला नवसारीत पोचता.

५. नवसारीहून दांडी

स्टेशनपासून दांडी सतरा-अठरा किलोमीटर आहे. एसटी जाते, पण मोजक्याच वेळा. दिवसभराच्या फेरीसाठी तिच्यावर अवलंबून राहू नका. रिक्षा ठरवा, आणि ठरवताना तीन गोष्टी एकदमच बोलून घ्या: जाणं-येणं दोन्ही, मधे किती तास थांबायचं, आणि वाटेत कराडीला, म्हणजे गांधीजींची झोपडी आहे त्या गावाला, थांबायचं. नवखी माणसं फक्त जाण्याची रिक्षा करतात. सूर्यास्तानंतर दांडीत रिकामी रिक्षा मिळणं कठीण. एका ओळखीच्या कुटुंबाला अंधारात दोन किलोमीटर चालत यावं लागलं, आजी सोबत होत्या. रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा आणि पूर्ण पैसे परत आल्यावर द्या.

भाषेची काळजी नको. बडोद्यात सहा महिने काढले असतील तर तेवढी गुजराती पुरते. दोन शब्द मात्र पाठ करा. भरतीला तेही भरतीच म्हणतात, पण ओहोटीला "ओट" म्हणतात, आणि चिखलाला "कादव". किनाऱ्यावर पोचल्यावर पहिल्या दुकानदाराला किंवा कोळ्याला विचारा, "भरती क्यारे?" आणि "कादव क्यां छे?" मोबाइलचा तक्ता काहीही म्हणो, इथे त्यांचा शब्द शेवटचा.

शहर सोडलं की एरू चौकाशी कृषी विद्यापीठ लागतं. पुढे ऊस, आंब्या-चिकूच्या वाड्या, आणि समुद्र जवळ आला की कोळंबीची चौकोनी तळी दिसू लागतात. हवेला खारट वास आला की मुलांना काचा खाली करू द्या.

६. आधी स्मारक, मग किनारा

हा क्रम बदलू नका. पाय वाळूने भरल्यावर कुणाला स्मारक पाहायचा उत्साह राहत नाही, आणि वर सांगितलेल्या तिथींना दुपारी पाणीही लांब असतं. निघण्याआधी स्मारकाच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टीचा वार पाहून घ्या.

राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक ३० जानेवारी २०१९ रोजी खुलं झालं. आयआयटी मुंबईने त्याच्या आखणीत मोठा वाटा उचलला. दोन बाजूंनी वर जाऊन मिळणाऱ्या, ४० मीटर उंचीच्या कमानीखाली गांधीजींचा पुतळा आहे. पण मी नेहमी आधी पदयात्रींच्या पुतळ्यांकडे जाते. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून ७८ जण निघाले, वाटेत दोघे मिळाले. त्या ८० जणांचे माणसाएवढे पुतळे एका रांगेत चालताना दिसतात. कुणाच्या खांद्यावर झोळी, कुणाच्या हातात काठी. मुलांना त्यांतून चालत जाऊ द्या.

त्यात आपलं माणूस आहे, ते शोधा. पंडित नारायण मोरेश्वर खरे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, साबरमती आश्रमाचे संगीतशिक्षक. जवळजवळ चारशे किलोमीटरच्या त्या वाटेवर मुक्कामाच्या प्रार्थनेत भजनं तेच सांगत. एका मराठी गवयाचा आवाज गुजरातच्या गावागावांतून पुढे पुढे जात होता, हे मला तिथे उभं राहिलं की प्रत्येक वेळी नव्याने जाणवतं.

आणखी एक धागा बडोद्याचा आहे. ५ एप्रिलला गांधीजी दांडीत पोचले, ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचललं, आणि पुढे जवळच्याच कराडीत ताडाच्या झावळ्यांच्या झोपडीत राहिले. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर त्यांना तिथेच अटक झाली. त्यानंतर धरासणाच्या मिठागरावर जायचं नेतृत्व ज्यांच्याकडे आलं ते अब्बास तैयबजी. ते बडोदा राज्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. तेव्हा वय ७६. १२ मे रोजी त्यांनाही पकडलं, मग सरोजिनी नायडू पुढे आल्या. नवसारी शहर तर तेव्हा गायकवाडांच्याच राज्यात होतं, एका प्रांताचं मुख्य ठाणं. बडोद्यात राहणाऱ्याला हा परका मुलूख वाटण्याचं काही कारण नाही.

समुद्राजवळ सैफी विला आहे. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सैयदना ताहेर सैफुद्दीन यांचं हे घर. ५ एप्रिलची रात्र गांधीजींनी तिथे काढली, आणि नंतर हे घर राष्ट्राला दिलं गेलं. लहान जागा आहे, अर्धा तास पुरतो. कराडीची झोपडी रिक्षाने चार-पाच किलोमीटरवर आहे, ती जाताना किंवा येताना घ्या. माझ्या मनात ती स्मारकापेक्षा जास्त राहिली आहे.

मीठ इथेच का, हे मुलं विचारतील. उत्तर भरती-ओहोटीतच आहे. उधाणाचं पाणी किनाऱ्यावर फार वर चढतं आणि खळग्यांत साठतं. पुढच्या भांगाच्या दिवसांत पाणी तिथवर पोचत नाही. ऊन आणि वारा लागून पाणी उडतं, मागे मीठ राहतं. कुणीही वाकून उचलावं असं ते मीठ, आणि त्यावर सरकारचा कर. गांधीजी पोचण्याआधी पोलिसांनी ते मीठ चिखलात मिसळून टाकलं होतं, तरी एक ढेकूळ त्यांच्या हाती लागलंच.

७. किनाऱ्यावर

आता काळजीने ऐका, कारण इथला धोका लाटांचा नाही. लाटा लहानच असतात, म्हणून माणूस निर्धास्त होतो. धोका दोन गोष्टींचा.

पहिला गाळ. वाळूचा पट्टा वरच्या बाजूला घट्ट असतो. पाणी खाली गेल्यावर उघडा पडणारा, चकाकणारा, गुळगुळीत करडा भाग म्हणजे गाळ. त्यावर पाऊल टाकू नका. पाय रुतलाच तर जोराने ओढू नका, दुसरा पाय आणखी खाली जातो. बसकण मारा, अंगाचा भार पसरा, पाय हळूहळू हलवत मोकळा करा. चप्पल गेली तर जाऊ द्या.

दुसरा धोका पाण्याच्या पाठीमागून येण्याचा. किनारा जवळजवळ सपाट आहे आणि मधेमधे उथळ ओहोळ आहेत. भरती सुरू झाली की पाणी आधी त्या ओहोळांतून शिरतं. तुम्ही दूर उंचवट्यावर उभे असता, समोर पाहत असता, आणि मागचा ओहोळ कधीच भरलेला असतो. म्हणून ओहोटीला शंखशिंपले गोळा करत लांब जाऊ नका. पाणी चढत असताना आपण उतरायचं नाही, एका जागी उभं राहून त्याला येऊ द्यायचं, आणि ते गुडघ्याला लागलं की दोन पावलं मागे यायचं. मुलांसाठी आमच्या घरचा नियम घोट्यापर्यंतचा आहे. जीवरक्षक असेलच हे गृहीत धरू नका. पोहायला ही जागा नाही.

गाडी वाळूवर उतरवू नका. इतरांच्या चाकांच्या खुणा दिसतात, मोह होतो. ओल्या वाळूत चाक अडकलं आणि भरती लागली तर ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी इंजिनात जातं.

एवढं सांभाळलंत की मग मन मोकळं करून बसा. ओल्या वाळूत इवले खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्यांची नक्षी मांडतात, ती पाच मिनिटं न हलता पाहा; हललात की सगळे आत. गाळाच्या कडेला निवट्या उड्या मारताना दिसतील, पाण्याबाहेर चालणारा हा मासा मुलांना खूप आवडतो. आणि पाणी भरत येतं तेव्हा एक बारीक चर्र आवाज येतो, कोरडी वाळू पाणी पिते त्याचा. तो ऐकायला गर्दी नसलेला दिवस लागतो. तिथीच्या हिशोबाने गेलो त्या पहिल्या खेपेला सासूबाई पाण्याच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या. पाणी पायांशी आलं तेव्हा त्यांनी वाकून ओंजळभर उचललं, नमस्कार केला आणि पुन्हा सोडलं. आधीच्या फेरीबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

सूर्य बुडाला की वीस मिनिटांत वर या. कचरा पिशवीत, आणि ती पिशवी नवसारीपर्यंत सोबत.

८. परतताना नवसारीत

गाडीला वेळ असेल तर नवसारीत तासभर हिंडा. हे पारशांचं जुनं गाव. जमशेटजी टाटांचा जन्म १८३९ मध्ये इथे झाला आणि त्यांचं जन्मघर जपलेलं आहे. आतश बेहरामसारख्या अग्निमंदिरांत पारशांखेरीज कुणाला प्रवेश नसतो; दारात उभं राहून आग्रह करू नका, आत डोकावून फोटो काढू नका. कोलाह या पारशी दुकानाचं उसाचं सरकं, म्हणजे व्हिनेगर, आणि लोणचं मात्र अवश्य घ्या. कांद्याच्या कोशिंबिरीत हे सरकं एकदा घालून पाहा.

स्वतःच्या गाडीने परतत असाल तर थंडीत महामार्गाच्या कडेला मातीची मडकी उलटी रचलेली दिसतील. ते उंबाडियुं. पापडीच्या शेंगा, कंद, रताळी, मसाला लावून, रानपाल्याबरोबर मडक्यात भरून आगीत भाजतात. रायगडची पोपटी खाल्लेल्याला वेगळं सांगायला नको. तिथेच गरम खा, घरी आणून ती चव राहत नाही.

आणि चिकू घ्या. अमलसाडचा चिकू याच भागातला. विकणारा मऊ झालेले पुढे करतो, ते बडोद्यापर्यंत पिशवीत फुटतात. बोटाने दाबून कडक लागणारे निवडा, खरवडल्यावर आत हिरवं दिसलं तर तो कच्चा, पिवळसर-तपकिरी दिसलं तर तयार. घरी तांदळाच्या डब्यात ठेवा. तीन-चार दिवसांत पिकतात.